पुंडलिकरावांचा मसाला

आमच्या यांनी आयुष्यात एकच गोष्ट लोकांपासून लपवून ठेवली, आणि तीही मला सांगून. बाकी यांचं सगळं उघड्यावर. दुपारी किती वाजता डुलकी लागते, गोळी घ्यायची कुठल्या दिवशी राहिली, कुठल्या शेजाऱ्याशी अबोला चालू आहे, सगळं गारखेड्यातल्या आमच्या गल्लीला पाठ आहे. मसाला तेवढा गुपित राहिला.

मसाला म्हणजे फोटोचा. गुलमंडीच्या मागं एक स्टुडिओ होता, तिथं यांनी तीस वर्षं फोटो रंगवले. तेव्हा कॅमेऱ्यातून माणूस काळापांढराच बाहेर यायचा. ज्याला गालावर लाली हवी, पदराला काठ हवा, त्याचा फोटो यांच्या टेबलावर यायचा. रंग लावताना हे सगळ्यांना दिसायचे. पोरं काचेला नाक लावून बघत उभी राहायची. पण रंगाच्या आधीची तयारी कुणाला दिसायची नाही, आणि खरं काम तेच होतं. फोटोचा कागद गुळगुळीत, वरून तेलकट. त्यावर पाण्यातला रंग ठेवला की अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन पळतो. तो जागेवर बसावा म्हणून कागद आधी तयार करावा लागतो. जुने कारागीर त्यासाठी काय काय करायचे! कुणी अंड्यातला पांढरा बलक फासायचा, कुणी डिंकाचं पाणी, कुणी बैलाचं पित्त, कुणी नुसतीच खडूची पूड चोळायचा. आमचे हे तपकिरी बाटलीतला मसाला लावतात, असं अख्ख्या गुलमंडीला ठाऊक होतं. बाटली खोकल्याच्या औषधाची, वरचं लेबल खरवडलेलं.

त्या बाटलीत काय असायचं ते मी सांगू शकते, कारण ती मीच भरायचे. पाणी, चिमूटभर डिंक आणि केवड्याचे चार थेंब. केवडा अशासाठी की वास आल्याशिवाय लोकांना औषध खरं वाटत नाही. एकदा पलीकडच्या गल्लीतल्या एका फोटोवाल्यानं ती बाटलीच पळवली. महिनाभर त्यानं काय प्रयोग केले कुणास ठाऊक. शेवटी गुपचूप आणून ठेवली आणि वर यांनाच म्हणाला, "पुंडलिकभाऊ, मसाला उतरला तुमचा. नवीन करा."

खरा मसाला यांच्या तोंडात होता. हे फोटो चाटायचे.

हसू नका. म्हणजे हसा, मीही हसले होते. लग्नाला दोन महिने झाले होते आणि मला वाटलं, आपल्याला काहीतरी वेगळाच नवरा मिळाला. पण ती यांची युक्ती नव्हती. यांना शिकवणारे म्हातारे उस्ताद तेच करायचे, आणि त्यांचे उस्तादही. थुंकीनं कागदाचा तेलकटपणा जातो आणि रंग धरतो. बाकी औषधं कधी जास्त होतात, कधी कमी. जिभेला मात्र माप कळतं. उस्ताद म्हणायचे, "पुंडलिक, कागज रूठा है मियाँ. जीब लगा, मना उसको. शरमा नक्को."

त्यातही शिस्त होती. जीभ कोरडी नको, लाळेनं भरलेली नको. सपाट ठेवायची, वरून खाली एकदाच न्यायची, मग जुन्या मलमलीनं अलगद टिपून घ्यायचं. आणि तोंड स्वच्छ हवं. पान नाही, सुपारी नाही, तंबाखू नाही, आदल्या दिवसापासून तिखट नाही. यामुळे स्टुडिओखालच्या पानपट्टीवाल्यानं यांना माळकरी ठरवून टाकलं होतं. भिंतीवर बाबासाहेब, तोंडी जय भीम, तरी तो यांना एकादशीची आठवण करून द्यायचा. मी रविवारी हौसेनं मटणाचा रस्सा करावा आणि यांनी "उद्या मोठा फोटो आहे" म्हणून दूधभात कालवावा, हा आमच्या संसारातला जुना कज्जा. एक बरं होतं, वऱ्हाडाचा चाळीस माणसांचा ग्रुप फोटो असला की संध्याकाळी यांची जीभ जड व्हायची आणि घरात शांतता नांदायची. अशा लग्नांतल्या नवरा-नवरीला मी मनापासून आशीर्वाद दिलेत.

पडदा मात्र गमतीचा नव्हता. उस्ताद हे काम गिऱ्हाइकाकडं पाठ करून करायचे, तेवढ्यावर भागायचं. उस्ताद गेले, यांचा हात बसला, तेव्हा मालक आप्पासाहेबांनी कोपऱ्यात पडदा टांगला. म्हणाले, "पुंडलिक, तुझं काम सोन्यासारखं आहे. पण कुणाच्या देवघरात कुणाची थुंकी गेली हे बाहेर कळालं, तर दुकानाला कुलूप लागंल." आप्पासाहेब माणूस वाईट नव्हता. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग यायचा, वाईट माणसाला निदान शिव्या देता येतात. हे पडद्यामागं बसले ते शेवटपर्यंत बसले. पुढं रंगीत फोटो आले, स्टुडिओ बंद झाला, मी झेडपीच्या शाळेतून रिटायर झाले, आणि हे अंगणात बसून पेपरमधल्या फोटोंना नावं ठेवू लागले.

मग दिवाळीनंतर एक दिवस सायली आली. देवगाव रंगारीची पोरगी, इथं चित्रकलेच्या कॉलेजात शिकते. तिनं मोबाइलवर एक फोटो दाखवला आणि यांनी चष्मा न लावताच तो ओळखला.

"आजोबा, ही माझी पणजी. लक्ष्मीबाई. मागं स्टुडिओचा शिक्का आहे आणि कोपऱ्यात बारीक 'पु' लिहिलंय. महिनाभर शोधत होते मी तुम्हाला! पन्नासच्या वर वर्षं झाली, रंग जरासुद्धा हलला नाही. कागदाला आधी काय लावलं होतं?"

मी कणीक मळता मळता थांबले. देवगाव रंगारी हे यांचंही गाव. लहानपणी आईबरोबर हे लक्ष्मीबाईंच्या शेतात कापूस वेचायला जायचे. तहान लागली की ओंजळ पुढं करायची, लक्ष्मीबाई वरून पाणी सोडायच्या. शिवी नाही, वाकडा शब्द नाही, उलट भाकरीवर चटणी जास्तच घालायच्या. पाणी तेवढं वरून. त्या वारल्यावर त्यांचा फोटो रंगवायला स्टुडिओत आला. तो आणणाऱ्याला हे कोण, हे माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी हे घरी आले, पायरीवरच बसले आणि मला म्हणाले, "गोजर, आज मी देवगावच्या मोठ्या वाड्यात शिरलो. थेट देवघरात." हसत होते, आणि पायरीवरून उठत नव्हते. ते आम्ही दोघांनीच पोटात ठेवलं.

आता लक्ष्मीबाईंची पणती समोर वही उघडून बसली होती. यांनी शांतपणे तिला बाटलीचा नुस्खा सांगितला.

"डिंक किती ग्रॅम?" तिनं विचारलं.

"अंदाजानं."

"आणि केवडा?"

"तो मनानं," हे म्हणाले. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला.

पंधरा दिवसांनी सायली परत आली. कॉलेजातल्या अंधाऱ्या खोलीत तिनं स्वतः आठ फोटो धुऊन काढले होते, आणि आठांच्या आठांवर रंगाची डबकी झाली होती. एका बिचाऱ्या मैत्रिणीची लाली हनुवटीवरून गळ्यात उतरली होती. "आजोबा, तुमचा मसाला फसला," ती म्हणाली. बोलण्यात राग नव्हता, नुसती शंका होती, आणि शंकेखोर पोरी मला शाळेपासूनच आवडतात.

पण ती तेवढ्यासाठी आली नव्हती. तिचे आजोबा तात्यासाहेब, म्हणजे लक्ष्मीबाईंचे चिरंजीव, त्यांच्या पत्नी रत्नमाला गेल्या वर्षी वारल्या. त्यांचा लग्नानंतरचा एकच फोटो होता, काळापांढरा. त्याची काच गेलेली, निगेटिव्ह कुठं आहे पत्ता नाही, दुसरी प्रत नाही. संगणकावर रंगवून दिलेला तात्यासाहेबांना पसंत नव्हता. ही आमची नाहीच, म्हणाले. त्यांना आईच्या फोटोशेजारी बायकोचा फोटो लावायचा होता. त्याच हाताचा, त्याच मसाल्याचा.

"आणि ते समोर बसणार," सायली म्हणाली. "फोटो नजरेआड करायला तयार नाहीत. मी शूटिंगपण करीन. चालेल ना?"

"चालंल," हे म्हणाले. मी नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत पोरगी गाडीवर बसून गेली होती.

मग मी यांना घेतलं फैलावर. "आता काय करणार? बाटली लावली तर रंग पळंल आणि त्या बाईचा एकुलता एक फोटो नासंल. जीभ लावली तर तात्यासाहेबाच्या डोळ्यांदेखत लावावी लागंल. पडदा आणू का शिवून?"

हे मेथी निवडत बसले होते. चांगली पानं टाकून काड्या भांड्यात ठेवत होते, त्यावरून मनात काय चाललंय ते कळत होतं.

"सरळ सांगून टाका," मी म्हणाले. "आता कुणाला भ्यायचं? मालक नाही, दुकान नाही. अपमान केला त्यानं तर मी आहे."

"अपमानाचं काय नाय गं," हे म्हणाले. "पण त्यानं घरी जाऊन लक्ष्मीबाईचा फोटो काढून फेकला तर? माह्या हातचं सगळ्यात चांगलं काम हाय ते. तसं पुन्हा नाय जमलं मला. सांगितलं तर ते जाईल, नाय सांगितलं तर हे नासंल."

पन्नास वर्षं मला वाटत होतं, हे माणसांना भितात. हे तर फोटोसाठी भीत होते. ओंजळीत वरून पाणी घालणाऱ्या बाईचा फोटो, आणि त्याची काळजी या माणसाला! मला रागही आला आणि यांच्याबद्दल इतकी माया वाटली की मी त्या मेथीच्या काड्यांचीच भाजी केली. तात्यासाहेब यायच्या आदल्या दिवशी मात्र न विचारता दूधभात वाढला. यांनीही वाटी चाटूनपुसून संपवली.

रविवारी सकाळी तात्यासाहेब आले. पांढरं धोतर, टोपी, काठी, सत्तरी ओलांडलेला उंच माणूस. दारातच थांबून "राम राम" म्हणाले, हे "जय भीम, या" म्हणाले, दोघांनीही एकमेकांचं ऐकून घेतलं. आपण कोण, कुणाचे, हे यांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं. तात्यासाहेबांना यांची आई आठवली. "लई कष्टाळू बाई," ते म्हणाले आणि मग बराच वेळ चहाकडं बघत बसले.

फोटो टॉवेलात गुंडाळून आणला होता. रत्नमालाबाई विशी-बाविशीच्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या, ओठ घट्ट मिटलेले.

"हसू दाबून धरलंय तिनं," तात्यासाहेब म्हणाले. "फोटोवाला 'हलू नका' म्हणला का तिला हसू यायचं. आता चेहरा इसरत चाललोय मी, पुंडलिकराव. आवाज ध्यानात हाय, चेहरा सुटतोय. म्हणून म्हणलं रंग लावून घ्यावा."

यांनी फोटो उजेडाकडं तिरका धरला, काठावरून बोट फिरवलं, पाठीमागून वास घेतला. मग टेबलावर ठेवला. शेजारी कापूस, रंगांच्या वाट्या, ब्रश, आणि ती तपकिरी बाटली. सायलीनं मोबाइल उभा केला. यांनी बूच काढलं, खोलीभर केवडा पसरला. तात्यासाहेबांनी मान डोलावली. वास पटला होता. यांनी कापूस भिजवला, पिळला, आणि फोटोच्या दोन बोटं वर हात थांबला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. एक थेंब पडला असता तरी झालं होतं.

यांनी कापूस वाटीत ठेवून दिला.

"ह्या बाटलीत काय नाय," हे म्हणाले. "पाणी हाय. सायली, तुला खोटं सांगितलं मी, तुझे आठ फोटो खराब झाले. मसाला कुठंच नसतो. कागद जिभेनं तयार करायचा असतो. मी सगळे फोटो तसेच केले."

सायली आधी मोबाइलकडं बघू लागली, मग तात्यासाहेबांकडं.

"जिभेनं?" तात्यासाहेब म्हणाले.

"व्हय."

"आईच्या फोटोला बी?"

"व्हय. आईच्या बी."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. तात्यासाहेब काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. मग कुणाकडंच न बघता म्हणाले, "रोज सकाळी गंध लावतो मी त्याला. कपाळ टेकवतो."

"आबा," सायली हळूच म्हणाली. त्यांनी हातानं तिला थांबवलं. माझ्याकडं पन्नास वर्षांची उत्तरं तयार होती, नुसतं कुणी एक वाकडा शब्द बोलायचा अवकाश होता. पण तात्यासाहेबांनी टेबलावरच्या फोटोकडं बघितलं आणि म्हणाले, "मंग हिच्या फोटोला मी करतो. कसं करायचं तेवढं दाखवा."

माझं डोकंच फिरलं. नवरा म्हणून बोलले की यांची जीभ नको म्हणून, कोण जाणे. मला जे ऐकू यायचं तेच आलं. "तात्यासाहेब," मी सुरू केलं, तर यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. चिडून नाही. कामात असताना मध्ये कुणी बोललं तर कारागीर बघतो तसं.

"तंबाखू खाता?" यांनी तात्यासाहेबांना विचारलं.

"हाय थोडी सवय."

"किती वर्षं?"

"साठेक झाली असतील."

"जरा तोंड दाखवा."

आणि काय सांगू, देवगाव रंगारीच्या मोठ्या वाड्याच्या धन्यानं खरंच तोंड उघडलं. यांनी चष्मा वर करून डॉक्टरसारखं आत बघितलं आणि मान हलवली. "नाय चालायचं. पिवळा डाग पडंल, मंग तो जन्मात निघत नाय. वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचं तोंड ह्या कामाला चालत नाय, तात्यासाहेब."

"मी करू?" सायली म्हणाली.

"सकाळी काय खाल्लं?"

"मिसळ."

"तू तर खोलीच्या बाहेरच उभी राहा," हे म्हणाले. "माझंच लागंल."

यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, सूड नव्हता. तो गुण यांच्यात असता तर मी इतकी वर्षं एकटी भांडले नसते. यांनी कागदाच्या बाजूनं जे खरं होतं ते सांगितलं होतं, बस. मी भिंतीकडं तोंड केलं. मला हसू फुटलं होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि दोन्ही एकदम आवरणं या वयात जमत नाही.

मी वळून बघितलं तेव्हा तात्यासाहेबांनी टेबलावरचा फोटो उचलला होता. घेऊन निघाले, असं मला वाटलं. यांनाही वाटलं असावं, कारण यांचा हात हवेतच राहिला. तात्यासाहेबांनी टॉवेलाच्या टोकानं फोटोवरची नसलेली धूळ पुसली आणि दोन्ही हातांनी तो यांच्यासमोर धरला.

"करा मंग," ते म्हणाले. "जपून."

"मोबाइल बंद करू का?" सायलीनं विचारलं.

"राहू दे चालू," हे म्हणाले. "आता काय झाकायचं?"

यांचे हात हल्ली थरथरतात. पूर्वी कागद फळीला टाचण्यांनी ताणून बसवायचे, पण हा जुना कागद टाचणीनं फाटला असता. "कुणी तरी कोपरे धरा," हे म्हणाले. मी पुढं झाले, पण तात्यासाहेबांनी आधीच खालचे दोन्ही कोपरे चिमटीत घट्ट धरले होते. वरची कड यांनी धरली. दोन म्हातारे टेबलावर ओणवे झाले, टोपी आणि टक्कल एकमेकांना टेकतील इतके जवळ.

पन्नासहून जास्त वर्षांच्या संसारात मी यांना हे काम करताना कधीच पाहिलं नव्हतं. यांच्या आणि माझ्याही मध्ये तो पडदा होताच की. यांनी डोळे मिटले. जीभ कागदाला लावली आणि वरून खाली आणली, कडेपासून सुरुवात करून, पट्ट्यामागून पट्टा, कुठं घाई नाही, कुठं थांबणं नाही. इतक्या हळुवारपणे हा माणूस माझ्याशी कधी बोललासुद्धा नाही. शेवटचा पट्टा उजव्या कडेचा. हे खाली खाली येत कोपऱ्यापर्यंत आले, आणि तिथं तात्यासाहेबांचा अंगठा होता. यांचे डोळे मिटलेलेच. जीभ कागदावरून सरळ अंगठ्यावर गेली.

तात्यासाहेबांचा खांदा दचकला, ते मी पाहिलं. हात मात्र हलला नाही. हलला असता तर कागद दुमडला असता, म्हणूनही असेल. पण हलला नाही.

यांनी डोळे उघडले, काय झालं ते कळलं, आणि माणूस कानापर्यंत लाल झाला. मलमल घेऊन खाली मान घालून फोटो टिपत बसले. तात्यासाहेब आपल्या ओल्या अंगठ्याकडं बघत होते. मला राहवलं नाही. आयुष्यभराची खोड, ती काय आज जाणार?

"तात्यासाहेब, हात धुवायचा असंल तर मोरी तिकडं हाय," मी म्हणाले.

त्यांनी अंगठा पुसलाही नाही. खुर्ची टेबलाच्या आणखी जवळ ओढली आणि फोटोवरून नजर न काढता म्हणाले, "थांबा हो बाई. आधी हिचा रंग बघू द्या."